आठ अक्षरांत मावेल ते

डबा सोमवारी यायचा होता, म्हणून काळजीसर शनिवारपासूनच काळजीला बसले. लोक परीक्षेला बसतात, उपोषणाला बसतात. सर काळजीला बसत. त्यांची बैठकही ठरलेली होती: खिडकीजवळची वेताची खुर्ची, मांडीवर माहितीपुस्तक आणि चष्मा कपाळावर. तंत्रनिकेतनात ते इलेक्ट्रॉनिक्स शिकवत आणि त्याच इमारतीच्या गच्चीखालच्या खोलीतून चालणारं छोटं एफएम केंद्र सांभाळत. कुलूप लावून ते तीनदा ओढून बघत आणि जिना उतरल्यावर चौथ्यांदा ओढायला पुन्हा वर येत. त्यावरून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं, ते शिक्षकांनी उचललं आणि मग शिपायांनी. एकदा परीक्षेच्या वेळापत्रकावर 'पर्यवेक्षक: काळजीसर' असं छापून लागलं, तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सरांना वाटलं होतं. पण तक्रार केली तर प्रकरण वाढेल, अशी काळजी वाटून ते गप्प बसले.

डब्याचं नाव आरडीएस एनकोडर. गाण्याच्या आणि बोलण्याच्या सोबतीने, माणसाच्या कानाला कळणार नाही अशा पट्टीत, तो अक्षरं पाठवतो. मोटारीतला रेडिओ ती अक्षरं उचलतो आणि नुसत्या आकड्याऐवजी केंद्राचं नाव दाखवतो. एवढंच त्याचं काम. पण हे 'एवढंच' प्राचार्याबाईंच्या जिव्हारी लागलं होतं. त्या कुणाच्या तरी गाडीत बसून कुठल्यातरी समारंभाला गेल्या आणि वाटेत पडद्यावर दुसऱ्याच एका केंद्राचं नाव झळकताना त्यांनी पाहिलं. आपलं केंद्र लावलं, तर तिथे आकडा. बाईंनी दुसऱ्या दिवशी सरांना बोलावून सांगितलं, की दोन आठवड्यांनी परवाना कार्यालयाचे निरीक्षक तपासणीला येणार आहेत, त्याआधी आपलं नाव दिसलं पाहिजे.

सर हो म्हणाले. त्यांना नाही म्हणता येत नसे, असं नाही. नाही म्हणण्याआधी ते इतका विचार करत, की तोवर समोरचा माणूस हो समजून निघून जाई.

तपासणी साधी नव्हती. परवान्याचं नूतनीकरण त्यावरच होतं, आणि परवाना गेला की खोलीला कुलूप. त्या खोलीतली एकूण एक वायर सरांनी स्वतः ओढली होती. ट्रान्समीटरचा पंखा कुरकुरला तर वर्गात फळ्यापाशी उभं असतानाही त्यांना ते कळे, असं ते म्हणत, आणि पत्नी म्हणे, तिला ताप आला होता तो मात्र यांना तिसऱ्या दिवशी कळला.

पहिला घोळ नावाचाच झाला. माहितीपुस्तकाच्या अकराव्या पानावर लिहिलं होतं, की केंद्राच्या नावाला आठ जागा मिळतील, अक्षरं इंग्रजी. केंद्राचं नाव 'विद्यासंवाद'. इंग्रजीत लिहिलं तर अकरा अक्षरं. सरांनी ती बोटांवर मोजली, मग कागदावर चौकोन आखून मोजली, मग पत्नीला मोजायला लावली. तिने मोजून सांगितलं, की अकराच आहेत आणि भाजी करपतेय.

ही बातमी घरात फुटल्यावर सासऱ्यांनी लक्ष घातलं. ते तारखात्यातून निवृत्त झालेले. कमी शब्दांचा विषय निघाला की आपल्यापुढे कोणी बोलू नये, असं त्यांचं मत होतं, आणि त्या विषयावर ते तासभर बोलत. "जावईबापू," ते म्हणाले, "आम्ही आख्खा माणूस दोन शब्दांत पोचवलाय. मुलगा झाला. वडील गेले. तुम्हाला एक नाव आठ अक्षरांत बसत नाही?" सरांनी विचारलं, तुम्ही काय कराल. सासरे म्हणाले, ते तांत्रिक काम आहे, त्यात मी पडत नाही.

मग बैठक झाली. तंत्रनिकेतनात बैठक झाल्याशिवाय नळाचा वॉशरही बदलत नसत. ग्रंथपालांनी सुचवलं, की नुसतं 'विद्या' ठेवावं. त्यावर मेकॅनिकलचे विभागप्रमुख खाकरले, कारण ते त्यांच्या पत्नीचं नाव होतं. बांधकाम विभागाचे प्राध्यापक, ज्यांना सगळे काँक्रीटसर म्हणत, त्यांनी स्वर गाळावेत असं सुचवलं. स्वर गाळून जे उरलं ते कुणालाच वाचता येईना; वाचायचा प्रयत्न करणाऱ्यांना शिंक आल्यासारखं वाटत होतं. शेवटी बाईंनी स्वतः पेन उचललं. विद्येतला 'वि' घ्या, संवाद पुरता घ्या. V, I आणि पुढे SAMVAD. बरोबर आठ. बैठकीने टेबलं वाजवली. बाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत VISAMVAD लिहून खाली सही केली. सरांनी कागद फाइलला लावला. अक्षरं आठच आहेत ना, एवढंच ते त्या दिवशी पुन:पुन्हा बघत होते. त्यांच्यासकट बारा पदवीधर माणसं त्या खोलीत होती, आणि तो शब्द मोठ्याने वाचून बघावा असं एकाच्याही मनात आलं नाही.

दुसरा घोळ पीआय कोडचा. प्रत्येक केंद्राला चार अक्षरांचा एक ओळखक्रमांक लागतो आणि तो परवाना कार्यालय देतं. तो नसेल तर मोटारीतल्या रेडिओला आपण कोण हे समजत नाही, आणि चुकीचा असेल तर तो आपल्याला भलताच कोणी समजतो. सरांनी अर्ज केला. सहा दिवसांनी शिक्कामोर्तब केलेलं उत्तर आलं. उत्तरात तंत्रनिकेतनाचा टपालाचा पिनकोड होता.

सर स्वतः गेले. खिडकीपलीकडच्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, की तुम्ही विचारला तो कोड दिला. सर म्हणाले, पिन नाही, पीआय. कारकून म्हणाला, अर्जात टंकलेखनाची चूक असेल तर सुधारित अर्ज करा. सरांनी तिथेच बाकावर बसून सुधारित अर्ज लिहिला आणि 'पीआय' या शब्दाखाली दोनदा रेघ मारली. कारकुनाने तो वाचला आणि सांगितलं, की अर्जात अधोरेखित करता येत नाही. तिसऱ्या खेपेला कारकून रजेवर होता आणि त्याच्या जागी बसलेल्या बाईंनी वही उघडून दोन मिनिटांत कोड काढून दिला. इतक्या सहज मिळाल्यामुळे तो खरा असेल का, अशी शंका सरांना बसमध्ये बसल्यापासून यायला लागली.

जोडणी मात्र त्यांनी सुरेख केली. डबा ट्रान्समीटरशेजारच्या रॅकमध्ये बसवला, तारा काढल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. आता प्रश्न जोराचा. अक्षरांचा जोर कमी पडला तर रेडिओला नाव सापडत नाही, आणि जास्त झाला तर कार्यक्रमात खरखर येते आणि निरीक्षकांचं यंत्र लगेच बोट दाखवतं. डब्याच्या पाठीवर तिळाएवढा स्क्रू होता. सर तो केसभर फिरवत, मग केसभर परत आणत. या मधल्या केसात त्यांचे दोन दिवस गेले. बाईंनी एकदा दारातून डोकावून विचारलं, की यात आणखी काय काय सोयी आहेत. सरांनी भाबडेपणाने यादी वाचून दाखवली: वाहनचालकांसाठी रस्त्याच्या सूचनाही देता येतात, सूचना आली की गाडीत पेनड्राइव्हवरची गाणी चालू असली तरी ती आपोआप थांबून आपलं केंद्र लागतं, तेही मोठ्या आवाजात. घेतलंच आहे तर सगळं तयार ठेवा, असं सांगून बाई गेल्या. सरांनी तयार ठेवलं. सूचना प्रत्यक्ष सुरू करायची खूण तेवढी बंद ठेवली.

बघायचं कसं, हा पुढचा प्रश्न. सरांकडे स्कूटर होती आणि स्कूटरला रेडिओ नव्हता. शेजारी ड्रायव्हिंग स्कूल चालवणारे गृहस्थ राहत. गल्लीत त्यांना क्लचकाका म्हणत, कारण ते जेवतानाही डावा पाय दाबून बसत. त्यांच्या शिकवणीच्या गाडीत नवाकोरा रेडिओ होता. काका म्हणाले, वेगळी गाडी काढायला वेळ नाही, शिकवणी चालू असताना मागे बसा. म्हणून तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी सर मागच्या सीटवर, काका पुढे दुसऱ्या ब्रेकवर, आणि स्टिअरिंगवर शिवणकाम करणाऱ्या एक बाई, ज्यांचा तो तिसरा दिवस होता.

बाई गाडी शिलाई मशीनसारखी चालवत: पाय दाबला की सुसाट, उचलला की जागच्या जागी. सर दोन सीटांच्या मधून मान घालून पडद्याकडे बघत होते. आकडा दिसत होता, आकडाच दिसत होता. तंत्रनिकेतनापासून तिसऱ्या चौकात गाडी सिग्नलला थांबली, पडदा क्षणभर कोरा झाला आणि आठ अक्षरं उमटली.  सरांनी बांधलेल्या तारेतून, सरांनीच फिरवलेल्या स्क्रूतून, हवेतून ती अक्षरं इथवर आली होती.

काकांनी वाकून पाहिलं. ओठ हलवून एकेक अक्षर जोडलं. "विसंवाद," ते म्हणाले. "सर, रेडिओचं नाव विसंवाद का ठेवलंत?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या वाजायला लागल्या. सरांनी पुन्हा वाचलं. मग शेवटून वाचायचा प्रयत्न केला. काही उपयोग नव्हता. एकदा दिसलं त्यापलीकडे आता दुसरं काही दिसेना. शिवणकामवाल्या बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, की आमच्या घरी असं नाव शोभलं असतं.

त्या संध्याकाळी सरांनी प्राचार्याबाईंना फोन केला. त्या बाहेरगावी परिषदेला गेल्या होत्या, उद्या सकाळी थेट तपासणीला पोचणार होत्या. फोन लागला, पण मागे टाळ्या वाजत होत्या. उद्या बोलू, असं म्हणून बाईंनी ठेवून दिला. पत्नी म्हणाली, अहो, तुम्हीच बदलून टाका ना, बटणं तर तुमच्याच हातात आहेत. सर म्हणाले, मंजुरीचा कागद फाइलला आहे. कागदावर एक आणि पडद्यावर एक असं निरीक्षकांना दिसलं तर. पत्नी म्हणाली, आणि विसंवाद दिसला तर. यावर सरांनी दोन्ही बाजूंनी विचार केला आणि दोन्ही बाजूंनी त्यांना घाम फुटला.

सकाळी आठला ते केंद्रावर पोचले. नऊला निरीक्षक येणार होते. प्रसारणात काँक्रीटसरांचं आधी रेकॉर्ड केलेलं व्याख्यान लागलं होतं: नव्या स्लॅबला पाणी किती दिवस आणि कसं मारावं. सर डब्याला जोडलेल्या संगणकासमोर बसले, उठले, कुलूप बघून आले, पुन्हा बसले. साडेआठला त्यांनी आयुष्यात क्वचितच घेतला असेल असा निर्णय घेतला. मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांचं काय व्हायचं ते होवो, नुसतं VIDYA ठेवायचं. पाच अक्षरं. मागे तीन जागा मोकळ्या, म्हणून नाव लिहून त्यांनी रिकाम्या जागेची लांब पट्टी तीनदा दाबली आणि सुटकेचा श्वास सोडला.

पट्टी दाबण्याआधी त्यांच्या हातून दुसरंच बटण दाबलं गेलं होतं आणि नावाच्या चौकोनातून कर्सर खालच्या चौकोनावर उतरला होता, हे त्यांना कळलं नाही. खालचा चौकोन रस्त्याच्या सूचनेचा. पहिल्या दाबाने तिथे खूण झाली, दुसऱ्याने गेली, तिसऱ्याने पुन्हा झाली. वर लिहिलेलं नवं नाव पाठवायचं राहून गेलं ते वेगळंच.

खोलीत काहीच बदललं नाही. काँक्रीटसरांचा आवाज तसाच संथ चालू होता. बाहेर मात्र, ज्या ज्या गाडीत त्या सकाळी आपलं केंद्र लावून ठेवलेलं होतं आणि वर दुसरंच काही ऐकणं चाललं होतं, त्या गाडीत काँक्रीटसर अचानक, परवानगी न घेता, मोठ्या आवाजात बोलायला लागले. अशा गाड्या कितीशा असणार. नंतर हिशेब लागला तेव्हा तीन निघाल्या.

पहिली क्लचकाकांची, कालपासून तिथे केंद्र तसंच होतं. पुलाच्या चढावर, काकांनी धीर यावा म्हणून मंद बासरी लावलेली असताना, 'पाणी मारा' असा हुकूम झाला आणि शिवणकामवाल्या बाईंनी घाबरून दोन्ही पाय दाबले. काकांनी फोन करून अत्यंत थंडपणे सांगितलं, "सर, तुमचे कोणीतरी आमच्या गाडीत शिरलेत. बंद करतो तर बासरी पण बंद होते. चालू केलं की पुन्हा हेच."

 सरांना वाटलं, जोर वाढला. स्क्रू केसभर फिरवला. फोन पुन्हा वाजला. प्राचार्याबाई होत्या. परिषदेचा शीण घालवायला त्या ध्यानाची ध्वनिफीत ऐकत येत होत्या. डोळे उघडे ठेवूनच, असं त्यांनी आवर्जून सांगितलं. दीर्घ श्वास घ्या, असं त्यातली बाई म्हणाली आणि पुढचं वाक्य काँक्रीटसरांनी पुरं केलं. हे काय चाललंय, असं विचारून, उत्तराची वाट न बघता, दहा मिनिटांत पोचतेय असं त्या म्हणाल्या. सरांनी स्क्रू केसभर मागे घेतला. मग त्यांना आठवेना, मुळात तो कुठे होता.

ट्रान्समीटर बंद करावा का? बंद केला तर निरीक्षक येऊन बघणार, केंद्र बंद. चालू ठेवला तर सगळ्या गावाच्या गाड्यांत ओलं काँक्रीट. सरांच्या डोळ्यांपुढे रुग्णवाहिका आल्या, अग्निशमनाचे बंब आले, आणि प्रत्येकात काँक्रीटसर बसले होते. खिडकीतून खाली पाहिलं तर एक राखाडी गाडी आवारात वळत होती. तिच्या बंद काचांतूनही शब्द स्पष्ट ऐकू येत होते: किमान सात दिवस, शक्य तर चौदा.

निरीक्षक सडपातळ, पन्नाशीचे, हातात यंत्राच्या दोन पेट्या. चढून आल्याचा दम त्यांनी आधी जिरवला. मग म्हणाले, की वाटेत तुमचं केंद्र लावून ठेवलं होतं, सवयीने. नंतर स्वतःची गाणी लावली, तर ती चालेनात. त्यांच्या मागोमाग प्राचार्याबाई आल्या. आल्या त्या रागाने लाल होऊन, पण निरीक्षकांना बघून एकदम हसऱ्या झाल्या, आणि दोन्ही रंग चेहऱ्यावर एकत्र राहिले. त्यांनी लगेच सांगितलं, की डबा नवीन आहे, बनवणाऱ्यांचाच काही दोष असावा.

तेवढ्यात सरांची नजर संगणकावर गेली. नावाच्या चौकोनात VIDYA, न पाठवलेलं. त्याखाली ती खूण. त्यांना सगळं एका क्षणात समजलं. डब्याचा दोष म्हणणं सोपं होतं. डबा बोलणार नव्हता, आणि बाईंनी वाट तयारच करून ठेवली होती. पण ज्या डब्याला त्यांनी हाताने चिठ्ठ्या बांधल्या होत्या, त्याच्या माथी हे मारायला त्यांची जीभ उचलेना.

"डबा ठीक आहे," सर म्हणाले. "माझ्या हातून झालं. मोकळ्या जागेसाठी तीनदा पट्टी दाबली, ती इथे लागली." आणि त्यांनी खूण काढली. खाली आवारातल्या गाडीतला आवाज मध्येच तुटला आणि निरीक्षकांची गाणी सुरू झाली. ते गडबडीत गाडी चालूच ठेवून आले होते. गाणी लहान मुलांची निघाली. ते किल्ली फिरवायला खाली गेले.

वर आल्यावर त्यांनी वहीत बराच वेळ लिहिलं. मग सरांकडे बघून म्हणाले, "एकोणीस वर्षं केंद्रं तपासतोय. चूक नेहमी मशीनची असते. माणसाची चूक आज पहिल्यांदा लिहितोय, रकाना सापडत नाहीये."

सरांना ते कौतुक आहे की परवान्याचा शेवट, हे ठरवता येईना. निरीक्षकांनी यंत्र जोडलं, काटा पाहिला, अक्षरांचा जोर मोजला. तो बरोबर निघाला. सरांनी भीतीने पुढे-मागे केलेला स्क्रू हिंडून-फिरून होता त्याच जागी आला होता. मग निरीक्षकांनी लहानसा रेडिओ काढून लावला. पडद्यावर आठ अक्षरं आली. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"हे नाव कोणी ठेवलं?"

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. स्वतः लिहिलेली ही अक्षरं त्यांनी आजवर कागदावरच पाहिली होती. त्यांच्या ओठांची हालचाल झाली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी सरांकडे पाहिलं. या नजरेचा अर्थ सरांना सव्वीस वर्षांच्या नोकरीने शिकवला होता. तिचं उत्तरही पाठ होतं: नजरचूक झाली, मॅडम, दुरुस्त करतो. पण आज त्यांच्यातलं कबूल करण्याचं बळ संपून गेलं होतं. एका सकाळी एका माणसाने दोन चुका कबूल करायच्या, तर दुसरीही निदान त्याची स्वतःची असावी, असं त्यांना वाटलं.   त्यांनी फाइल उघडली, कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"मॅडमनी," ते म्हणाले. "पण वाचून कोणीच बघितलं नाही. मीही नाही."

 बाईंनी सहीवर बोट ठेवलं, जणू ती खरी आहे का ते बघत होत्या. "मी विद्या आणि संवाद जोडलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. निरीक्षक म्हणाले, की जोडल्यावर असं होतं कधीकधी. कार्यालयाची त्याला हरकत नाही. नियमात नाव शोभावं असं कुठे लिहिलेलं नाही. रस्त्याच्या सूचनेबद्दल लेखी ताकीद मिळेल, परवाना चालू राहील. आणि जाता जाता त्यांनी कोपऱ्यात घेऊन सरांना विचारलं, की ते पाणी चौदा दिवस मारायचं ते दिवसातून किती वेळा. त्यांच्या भावाच्या घराचा स्लॅब परवाच टाकला होता.

ते गेल्यावर बाई खुर्चीत बसल्या. सर उभेच होते. बदलीचं पत्र, विभागीय चौकशी, पत्नीला काय सांगायचं, अशा क्रमाने त्यांची काळजी पुढे चालली होती. बाईंनी त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हणाल्या, की काय ठेवायचं ते तुम्ही लिहा, मी सही करते. आणि या वेळी मोठ्याने वाचा.

सरांनी आठ चौकोन आखले. बराच वेळ पेन वरच धरलं. मग सहा अक्षरं लिहिली आणि शेवटचे दोन चौकोन मोकळे सोडले. मोठ्याने वाचलं, "संवाद."

"आणि विद्या?" बाईंनी विचारलं.

"मागे दोनच चौकोन उरतात, मॅडम," सर म्हणाले. "तिला जागा नाही."

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते ऐकू आलं, आणि ते नखशिखांत गार झाले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, खोलीबाहेरच्या वर्गांच्या लांबलचक ओळीकडे पाहिलं, आणि सही करता करता इतक्या हसल्या, की सही वाकडी आली.